हप्ता छापता, मुदतही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा, दिवाळी आणि पाडव्याच्या मालमत्ता पुरवण्यांत 'भाड्याच्या पैशात स्वतःचे घर' अशा धाटणीच्या जाहिराती पानभर येतात. हप्त्याचा आकडा ठळक असतो. तो किती वर्षे भरायचा, दर वाढला तर काय होणार आणि ज्या जमिनीवर घर उभे आहे त्या कागदावर बँक मुळात कर्ज देते का, यातले काही छापलेले नसते. म्हणून छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत घर बघायला निघालेले कुटुंब पहिला प्रश्न विचारते तो 'हप्ता किती बसेल?' हा. आमच्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला कागदाचा, दुसरा खिशातल्या रकमेचा. क्रम उलटा लागला की इसार देऊन बसलेला माणूस बँकेच्या पायऱ्या झिजवतो आणि विकणारा फोन उचलत नाही.

आधी कागद. सातबारा हातात आला की लोक मालकाचे नाव, गट नंबर आणि क्षेत्र बघतात. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बघतो ती 'भूधारणा पद्धती'ची ओळ आणि 'इतर अधिकार' हा रकाना. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विक्रीवर बंधन नसलेली जमीन, असेल तर पुढे वाचायचे. वर्ग २ असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर शर्तभंग. मराठवाड्यात वर्ग २ ची गाठ वारंवार पडते याला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात दिलेल्या मदतमाश (निर्वाहासाठीच्या), खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यातल्या) आणि देवस्थान इनामाच्या जमिनी इथे मोठ्या प्रमाणावर होत्या. १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द करण्याच्या कायद्यानंतर त्यांतल्या अनेक जमिनी शर्तींसह लोकांच्या नावावर राहिल्या. सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल मर्यादेवरची जमीन काढून घेऊन, वाटलेल्या जमिनींची भर वेगळी. अशा गटात प्लॉट पडले, रो-हाऊस उभे राहिले, गेटवर दिवे लागले, तरी बँक हात लावत नाही. १९४८ पूर्वीचे दफ्तर उर्दूत असल्याने जमीन खासगी इनाम होती की वक्फची, हे काही वेळा जुना मुंतखब (इनामाचा निजामकालीन दाखला) वाचून घेतल्याशिवाय ठरत नाही. हा अडथळा पुण्या-नाशिकच्या बिल्डरला ठाऊक नसतो; इथल्या जुन्या वकिलाला गटाचे नाव ऐकूनच शंका येते.

दुसरी गाठ गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटची. शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी करून घेतलेला प्लॉट हा बँकेच्या लेखी मालकीचा कागदच नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत नाही, मंजूर लेआउट नाही, अकृषिक परवानगी नाही, मग गहाण काय ठेवणार? गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र महापालिकेकडून मिळालेले असेल आणि मागे नोंदणीकृत खत असेल, तर काही बँका फाइल घेतात. 'गुंठेवारीची फाइल टाकलेली आहे' हे वाक्य मात्र प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. पैसे भरल्याची पावतीही चालत नाही.

शहराबाहेरच्या गावांत आणखी एक फसगत होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती दाखवून 'सगळे क्लिअर आहे' असे सांगितले जाते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर ग्रामपंचायतीने दिलेली बांधकाम परवानगीही बँक धरत नाही. नियोजन प्राधिकरणाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजूर झालेला नकाशा लागतो. शहरातल्या सिडको या सरकारी महामंडळाच्या एन विभागांतली घरे याच्या उलट: कागद नीट असतात, पण भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. फ्री-होल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचा, झालेला नसेल तर हस्तांतरणाला आणि गहाण ठेवायला, दोन्हींना सिडकोचे ना हरकत पत्र लागते. ते येईपर्यंत कर्जाच्या मंजुरीची मुदत संपलेली असू शकते, म्हणून आधी सिडकोकडे अर्ज आणि मग बँकेत फाइल, हा क्रम बरा.

जुने घर किंवा प्लॉट घेताना मालकीची साखळी तुटते ती बहुतेक वेळा वारसाच्या पायरीवर. वडील वारले, फेरफारात भावांची नावे चढली, बहिणींची राहिली. किंवा भावाभावांची वाटणी शंभराच्या बाँडवर झाली आणि नोंदणी कधी केलीच नाही. सर्च रिपोर्ट साधारण तीस वर्षांचा मागवतात तो हेच शोधायला. वकील त्यावर लिहितो, 'बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणावे', आणि एक बहीण हैदराबादला, दुसरी सुरतेला. यात महिना-दोन महिने सहज जातात. हे सगळे इसार देण्याआधी कळू शकते. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी पोर्टलवर १५ रुपयांत निघतो, 'आपली चावडी'वर त्या गावातले प्रलंबित फेरफार दिसतात, नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येते. त्यानंतर स्वतःचा वकील लावून काही हजार रुपये खर्च करावेत. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. त्याचा अहवाल बँक तुम्हाला देईलच असे नाही.

इसार पावतीत एक ओळ जरूर घालून घ्यावी: कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नामंजूर झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. ही ओळ लिहायला विकणारा तयार नसेल तर तेवढ्यावरूनच बरेच काही कळते. बिल्डरचा प्रकल्प असेल तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा आणि सदनिकांची संख्या आठपेक्षा, दोन्ही जास्त असतील तर महारेराची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच. काही जण मुद्दाम आठच रो-हाऊसचे तुकडे पाडून नोंदणी टाळतात, हेही डोक्यात असू द्यावे.

आता खिसा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. आणि 'किंमत' म्हणजे करारातली किंमत व बँकेच्या मूल्यांककाने काढलेली किंमत, यांतली जी कमी ती. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च त्यात धरत नाहीत. फक्त १० लाखांपर्यंतच्या घराला अपवाद आहे.

समजा महापालिका हद्दीत ३० लाखांचा फ्लॅट आहे आणि बँक २५ लाख देते. घरचे लोक म्हणतात, पाच लाख जमवले की झाले. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, म्हणजे इथे पूर्ण ३० हजार. इमारत बांधकामाखाली असेल तर जीएसटी: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि आपल्याकडच्या शहरांत कार्पेट (भिंतींच्या आतले क्षेत्र) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, म्हणजे आणखी ३० हजार, त्यापलीकडे ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. प्रोसेसिंग फी, वकील, मूल्यांकन, गहाणाच्या सूचनेची नोंदणी आणि तिचे शुल्क मिळून पंचवीस-तीस हजार धरा. पाचाचे झाले सात लाख सत्तर हजार, आणि यात वीज मीटर, सोसायटीची ठेव, फर्निचर, पाण्याची टाकी काही नाही. ही तूट भरायला शेवटच्या आठवड्यात लोक वैयक्तिक कर्ज उचलतात. ते लगेच क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या व फेडीच्या नोंदीत, दिसते आणि मंजूर झालेले गृहकर्ज पुन्हा तपासणीला जाते.

मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत महिलेच्या नावावर घर घेतल्यास मिळते, ३० लाखांवर ३० हजार. पण खरेदीदार फक्त महिला हवी. पतीचे नाव मालक म्हणून जोडले की सवलत गेली. कर्जासाठी पतीचा पगार लागत असेल तर त्याला सहकर्जदार करता येते. सहमालक करण्याची गरज नसते. बँकेत हे आधीच स्पष्ट विचारावे, कारण करारनामा नोंदला गेल्यावर दुरुस्ती नाही.

आणखी एक सवय सोडायला हवी: 'कागदावर पंचवीस दाखवू, वरचे पाच रोख'. बँक पंचवीसवरच कर्ज मोजते, त्यामुळे हातचे पैसे आणखी लागतात. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. व्यवहार फिसकटला तर वरच्या पाचांचा पुरावा कुणाकडेच नसतो.

आपल्याला कर्ज किती मिळेल याचा हिशेब घरी करता येतो. बहुतेक बँका हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास सगळे हप्ते मिळून बसवतात. उत्पन्न कमी तिथे निम्म्याच्याही खाली. ४५ हजार पगार असेल तर साडेबावीस हजार. ८ टक्के दर आणि २० वर्षे मुदत धरली तर लाखाला ८३६ रुपये ४४ पैसे हप्ता येतो. म्हणजे पावणेसत्तावीस लाखांच्या पुढे थोडी पात्रता झाली. आता त्यात मोटारसायकलचा साडेतीन हजारांचा हप्ता चालू असेल, तर पात्रता ४ लाख १८ हजारांनी उतरते. गाडीचे वीस-तीस हजार उरले असतील तर ते आधी फेडून टाकणे किती शहाणपणाचे, ते यावरून दिसेल.

मराठवाड्यात क्रेडिट रिपोर्ट बिघडतो तो क्रेडिट कार्डाने कमी आणि पीककर्जाने व जामीनकीने जास्त. थकलेले पीककर्ज एकरकमी तडजोडीत मिटवले तर रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शिक्का राहतो. पूर्ण फेडल्याचा 'क्लोज्ड' वेगळा. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात आणि त्याचे हप्ते थकले, तर ते तुमच्या नावासमोर दिसते. चार क्रेडिट कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. घर बघायला निघण्याच्या सहा महिने आधी तो काढावा. चूक दुरुस्त व्हायला वेळ लागतो. फाइल टाकल्यावर कळले तर नकाराचीही नोंद बँकेकडे राहते.

शेतीच्या उत्पन्नाबद्दल कटू सत्य असे, की कापूस-सोयाबीनच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) आणि सातबारा दाखवून बहुतेक बँका गृहकर्जाचा हप्ता मोजत नाहीत, किंवा त्यातला थोडाच भाग धरतात. त्यांना दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे हवी असतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून विवरणपत्र भरायचेच नाही, हा समज अशा वेळी महागात पडतो. विवरणपत्रात शेतीचे उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. आडत दुकानदाराकडून बँक खात्यात आलेल्या पट्ट्यांना मान असतो, हातात आलेल्या पैशाला नाही.

आता हप्ता, म्हणजे जाहिरातीचा लाडका आकडा. २५ लाख, ८ टक्के, २० वर्षे: हप्ता २०,९११ रुपये. पहिल्या महिन्यात यातले १६,६६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ४,२४४ रुपये. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले की साडेबारा लाख भरून होतात आणि कर्ज उरते पावणेबावीस लाखांहून जास्त. बँकेने काही लबाडी केलेली नसते. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते आणि सुरुवातीला मुद्दल मोठे असते, एवढेच. पण पाचव्या वर्षी घर विकून सुटायचे म्हणणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवे.

मुदत ३० वर्षे केली तर हप्ता १८,३४४ वर येतो, अडीच हजारांनी कमी. जाहिरातीत हाच छापतात. एकूण व्याज मात्र २५ लाखांवरून ४१ लाखांवर जाते. उलट १५ वर्षे केली तर हप्ता २३,८९१ आणि व्याज १८ लाख. महिन्याला तीन हजार जास्त भरून सात लाख वाचतात. तरीही आम्ही सगळ्यांना १५ वर्षांचा सल्ला देणार नाही. ज्यांचा पगार हंगामी किंवा कंत्राटी आहे, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत असा वर्ग मोठा आहे, त्यांनी मुदत २० ठेवावी आणि बोनस आला की मुद्दलात भरावा. हप्ता कमी असेल तर वाईट महिना निभावतो; जास्तीचे भरण्याची सक्ती नसते.

मुद्दलात आगाऊ भरण्याचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाअखेर १ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे २० हप्ते कमी होतात, म्हणजे सव्वाचार लाख. तेच १ लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर सातच हप्ते वाचतात. भरताना बँकेला लेखी सांगावे लागते की मुदत कमी करा. नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात आणि निम्मा फायदा हातचा जातो. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक किंवा गृहवित्त कंपनी मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाही.

दर बदलतो तेव्हा काय होते, हे २०२२ साली कर्ज घेतलेल्यांना विचारा. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. बँका हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत ताणतात, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या उदाहरणात दर ८ चा ९ झाला आणि हप्ता २०,९११ च राहिला, तर २४० महिन्यांचे ३०४ होतात: पाच वर्षे चार महिने जास्त. दर १० झाला तर त्याच हप्त्यात कर्ज फिटायला छप्पन्न वर्षे लागतील, कारण महिन्याचे व्याजच २०,८३३ रुपये होते आणि मुद्दलाला ७८ रुपये उरतात. साडेदहावर तर हप्ता व्याजालाही पुरत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम केला तो या अनुभवानंतर: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारायचे, स्थिर दरात जाण्याचा पर्याय द्यायचा (ऑक्टोबर २०२५ पासून हा पर्याय देणे बँकेच्या मर्जीवर आहे), आणि दर तीन महिन्यांनी किती मुद्दल, किती व्याज आणि किती हप्ते उरले याचे पत्रक द्यायचे. ९ टक्क्यांना मुदत २० च ठेवायची तर हप्ता १,५८२ रुपयांनी वाढतो. जमत असेल तर हप्ता वाढवणे स्वस्त पडते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, बांधलेली आहेत आणि दर तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. रेपोवर बँक आपला वाढावा, म्हणजे वरचे टक्के, लावते. रेपो सगळ्यांना सारखा, वाढावा वेगवेगळा. भांडायचे असेल तर वाढाव्यावर. गृहवित्त कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात आणि २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा जुन्या ग्राहकांपर्यंत तो उतार पोचायला उशीर झाला. त्यांच्याकडे कागद थोडे सैल चालतात, मंजुरी लवकर मिळते, आणि त्याचा मोबदला दरात जातो. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येतच नाहीत. त्या सहकार खात्याच्या कक्षेत. तिथे मुदतपूर्व दंड, दर आणि कागद परत मिळण्याची मुदत पोटनियमांवर चालते. कागदात दोष असल्यामुळे बँकेने नाकारलेली फाइल पतसंस्था घेते तेव्हा दोष नाहीसा होत नाही. तो फक्त तुमच्याकडे राहतो.

बरेच जण फ्लॅटपेक्षा प्लॉट घेऊन बांधणे पसंत करतात. अशा कर्जात पैसे एकदम मिळत नाहीत. आधी आपला वाटा घालून जोत्यापर्यंत काम करायचे, मग बँकेचा इंजिनिअर येऊन बघतो, मग पुढचा टप्पा: लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. इथे एस्टिमेट चुकते ते पायातच. काळ्या मातीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पक्का थर लागेपर्यंत खोल जावे लागते, किंवा काळी माती काढून मुरूम भरावा लागतो. मुरमाड माळावरच्या शेजाऱ्याचे एस्टिमेट काळ्या रानातल्या प्लॉटला लावले की आपला वाटा जोत्यातच संपतो आणि बँकेचा पहिला टप्पा निघत नाही. कर्जाची रक्कम मंजूर झाल्यावर वाढवून मिळणे अवघड. म्हणून अर्ज करण्याआधी एक खड्डा खणून घ्यावा. हजार-दोन हजारांचे काम आहे.

बिल्डरच्या इमारतीत टप्प्यांची चौकट महारेराच्या नमुना करारनाम्यात दिलेली आहे: करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पडल्यावर ७०, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. बिल्डर म्हणाला म्हणून बँकेला पुढचा टप्पा सोडायची संमती देऊ नये. जाऊन स्लॅब मोजावेत. ताबा मिळेपर्यंत फक्त व्याजाचा हप्ता भरण्याची सोय असते. १५ लाख सुटले असतील तर ८ टक्क्यांनी महिन्याला १० हजार. काम दोन वर्षे लांबले की २ लाख ४० हजार गेले आणि मुद्दल रुपयानेही हललेले नाही. वर चालू घराचे भाडे आहेच.

मंजुरीच्या दिवशी सह्यांचा गठ्ठा समोर येतो. त्यात बघायचा तो मुख्य तथ्य पत्रक नावाचा कागद, ज्याला बँकेत केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो सक्तीचा आहे. व्याज, फी आणि कर्जासोबतचा विमा धरून वर्षाचा खरा दर त्यात टक्क्यांत लिहिलेला असतो, कर्जदाराला समजेल त्या भाषेत तो द्यायचा असतो आणि किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात. मराठीत मागा, घरी न्या. त्यात नसलेला खर्च नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

विमा हा त्या गठ्ठ्यातला दुसरा मुद्दा. कर्जाइतका जीवनविमा असणे चांगलेच. पण तो त्याच बँकेकडून, एकरकमी हप्त्याने आणि कर्जात मिळवून घेण्याची सक्ती नाही. ८० हजारांचा विमा कर्जात मिळवला तर २० वर्षांत त्याचे १ लाख ६० हजार होतात. साधा टर्म विमा वेगळा घेऊन किंमत ताडून बघावी. आणि करबचतीच्या गप्पा ऐकताना एवढे विचारा, की तुम्ही कोणत्या कररचनेत आहात. नव्या रचनेत स्वतः राहण्याच्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत आहे आणि देशात कुठेही पक्के घर नाही, त्यांनी शहरी पंतप्रधान आवास योजना २.० मधली व्याज सवलत जरूर विचारावी: घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. गावाकडे वडिलोपार्जित घर पत्नीच्या किंवा स्वतःच्या नावावर असेल तर अर्ज बाद होतो, हे एजंट सांगत नाही.

हप्ता थकलाच तर गप्प बसू नये. ९० दिवसांनी खाते बुडीत वर्गात जाते, त्यानंतर ६० दिवसांची नोटीस आणि मग ताब्याची कारवाई. पहिल्या थकलेल्या महिन्यातच शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागणाऱ्याला वाव असतो. नोटीस आल्यावर वकिलाकडे जाणाऱ्याला कमी.

आणि कर्ज फिटल्यावरचे काम. मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट अर्ज करता येतो. कागद मिळाले की लोक पेढे वाटतात आणि थांबतात. पण सातबाऱ्याच्या इतर अधिकारात किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा तसाच असतो. ना हरकत पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून त्या रकान्यातली ओळ गेली की नाही ते बघावे, आणि तो उतारा मूळ खरेदीखताबरोबर ठेवावा.

आपल्या पुढच्या मालमत्ता पुरवणीत जाहिरातदारांना हप्त्याच्या आकड्याशेजारी, त्याच टायपात, मुदत, धरलेला व्याजदर, एकूण परतफेड आणि जमिनीची भूधारणा पद्धती छापायला सांगावे, ही विनंती.

आपले,
गृहकर्जाच्या कागदपत्रांचे व मूल्यांकनाचे काम करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर